जांबवंताची नव्वद योजनं



आजचं वाचन : वाल्मीकी रामायण, किष्किंधाकांड, सर्ग ६५ आणि ६६.

आज ६ जून २०२५, शुक्रवार. निर्जला एकादशी. आमच्या कारखान्याला शुक्रवारची सुट्टी असते आणि उद्या बकरी ईद, त्यामुळे माग कालपासूनच शांत आहेत. एरवी खिडकी उघडली की खडखडाट ऐकू येतो, आज कावळे ऐकू येतायत. पहाटे वाचायला बसलो तर मन लवकर लागलं. आणि लागलं ते अशा ठिकाणी, जिथं मी सहा महिने जाणं टाळत होतो.

आधी प्रसंग सांगतो.

सीतामाईच्या शोधाला निघालेली अंगदाची तुकडी दक्षिणेच्या समुद्राकाठी येऊन थांबली आहे. संपातीनं पत्ता दिलाय. लंका शंभर योजनं पलीकडे आहे. आता उडी कोण मारणार? अंगद विचारतो आणि एकेक वानरवीर उठून आपलं माप सांगतो. गज म्हणतो, दहा योजनं. गवाक्ष म्हणतो, वीस. आकडा चढत जातो. मैंद साठ, द्विविद सत्तर, सुषेण ऐंशी. मग जांबवंत उठतो. त्या सगळ्यांत वयानं मोठा. तो जे बोलतो त्याचा भावार्थ असा : वामनानं त्रिविक्रमाचं रूप घेतलं तेव्हा मी त्याला प्रदक्षिणा घातली होती, तेव्हाचं बळ वेगळं होतं. आता म्हातारा झालो. आज माझ्यानं नव्वद योजनं होतील. पण तेवढ्यानं हे काम होणार नाही.

समुद्र शंभरचा आणि म्हातारा नव्वदचा. म्हणजे दहा योजनं आधीच पाण्यात.

इतकी वर्षं मी हा सर्ग भराभर वाचून पुढे जायचो. मला हनुमंताच्या उड्डाणाची घाई असायची. यंदा या नव्वदवरच बोट थांबलं. का, ते सांगतो. त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर धामणकर नाक्याजवळच्या एका चहाच्या टपरीवर यावं लागेल, आणि थोडं क्रिकेट ऐकावं लागेल. माळकरी माणसानं लिलावाच्या गप्पा माराव्यात का, असं कुणी म्हणेल. खरं तर मारू नयेत. पण मी मारल्या.

गेल्या वर्षी, २५ नोव्हेंबर २०२४ ला आयपीएलच्या मोठ्या लिलावाचा दुसरा दिवस होता. लिलाव तिकडे जेद्दाहला, आणि आम्ही इकडे मोबाईलभोवती. अजिंक्य रहाणेचं नाव आलं आणि एकाही संघानं हात वर केला नाही. अनसोल्ड. आमच्या टपरीला ते लागलं, कारण तो आमच्या शेजारचा. डोंबिवलीत वाढलेला, लोकल धरून मुंबईला सरावाला जाणारा पोरगा. माणकोली-मोठागाव पूल झाल्यापासून तर डोंबिवली आम्हाला खाडीपलीकडची आळीच वाटते.

लगेच तोलणं सुरू झालं.

“छत्तीस झालं की वय. आता काय पळणार?”

“अहो, मेलबर्न विसरलात? आधी छत्तीसवर सगळा संघ आऊट, कोहली घरी परतलेला, आणि ह्यानं कॅप्टन म्हणून ११२ मारले. सिरीज जिंकून आणली.”

“ते कसोटीत, भाऊ. आणि चार वर्षं झाली त्याला. इथं वीस ओव्हरचा खेळ आहे.”

“वीस ओव्हरचंच सांगतो. २०२३ आठवा.”

हे शेवटचं बोलणारा मी होतो. मला तो हंगाम तोंडपाठ आहे. त्याच्या आदल्या वर्षी कोलकात्याकडून सात सामन्यांत त्याच्या १३३ धावा झाल्या होत्या, आणि संघानं सोडून दिलं होतं. कसोटी संघातली जागाही गेलेली. चेन्नईनं त्याला मूळ किमतीला, ५० लाखांत घेतलं. तेव्हाही लोक हसले होते, म्हातारा संघ आणखी एक म्हातारा घेतोय म्हणून. पहिल्या सामन्यांत त्याला बाकावरच बसवलं. ८ एप्रिलला वानखेडेवर मोईन अली आजारी पडला म्हणून अगदी नाणेफेकीच्या तोंडावर ह्याला कळलं की आज खेळायचंय. १९ चेंडूंत पन्नास! २७ चेंडूंत ६१! पुढे ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्ध २९ चेंडूंत नाबाद ७१. त्या मोसमात ३२६ धावा झाल्या, चेन्नई विजेती झाली आणि हा परत कसोटी संघात जाऊन ओव्हलवर जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ८९ करून आला.

मी हे सगळं बोटं मोडून सांगितलं आणि वर म्हणालो, “वय बघून माणूस मोजायचा नसतो. त्याला संधी देऊन बघा, मग बोला.”

रात्री उशिरा त्याचं नाव पुन्हा पुकारलं गेलं आणि कोलकात्यानं, म्हणजे ज्यांनी सोडलं होतं त्यांनीच, मूळ किमतीला, दीड कोटीला घेतला. त्याच संघानं त्याच लिलावात एका खेळाडूसाठी २३ कोटी ७५ लाख मोजले होते. टपरीवर माझी कॉलर ताठ. चहा मी पाजला.

आता जे सांगायला आज बसलोय ते.

त्याच दिवशी सकाळी आमच्या कारखान्यात एक गृहस्थ आले होते. त्यांचं नाव लिहीत नाही. सगळे त्यांना मामा म्हणतात. वय एकसष्ट. अडतीस वर्षं साध्या मागांवर जॉबर. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा, धोटा नीट धावतोय का, ताणा का तुटतोय, कापडात चीर का पडतेय, हे बघणारा माणूस. ते ज्या कारखान्यात होते त्या मालकानं माग भंगारात विकले, किलोच्या भावानं. भिवंडीत हे नवं नाही. ज्या गल्लीत दिवसरात्र साचे चालायचे तिथं आज गोदामाचं शटर दिसतं. मामा काम शोधत होते. आमच्या शेठनी नुकतेच काही वापरलेले रॅपिअर माग आणले होते, आणि जॉबर हवाच होता.

मी तिथं हिशेब बघतो. शेठ मला मेहताजी म्हणतात आणि माणूस ठेवताना एकदा विचारतात.

शेठनी मामांना विचारलं, “नवीन माग आहेत. जमेल?”

मामा म्हणाले, “शेठ, खोटं नाही सांगणार. ह्यातली वायरिंग, ते पॅनल, मला येत नाही. रात्रपाळी महिन्यातून एक आठवडा करीन, जास्त झेपत नाही. डोळ्याला चष्मा आहे. पण ताणा कशानं तुटतोय ते मी आवाजावरून सांगीन. आणि पोरांना शिकवीन.”

शेठनी माझ्याकडे बघितलं. शेजारी तीन-चार कामगार उभे, एक नवा पोरगा जॉबर उभा. मी मामांच्या समोरच बोललो. “शेठ, वय झालंय. स्वतःच सांगतायत काय काय येत नाही ते. भंगारातनं माग आणलेत, आता जॉबर पण तिथलाच आणायचा का?”

पोरं हसली. मीही हसलो. मामांनी पिशवी उचलली, शेठना नमस्कार केला आणि गेले.

आणि संध्याकाळी मी टपरीवर उभा राहून सांगत होतो की वय बघून माणूस मोजायचा नसतो.

मामा तिथंच होते. आतल्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून कटिंग पीत. मी बघितलंच नव्हतं. ते उठले, पैसे दिले, माझ्याजवळून जाताना थांबले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “मेहताजी, त्याला निदान बॅट तरी मिळाली.”

त्या रात्री घरी येऊन नेम केला नाही. पोथी उघडायची लाज वाटली.

वाचकहो, आपण दोघांना तोलतो, पण काटा एक ठेवत नाही. जो दूर आहे, मैदानावर आहे, टीव्हीत आहे, त्याच्या म्हातारपणाचं आपल्याला कौतुक. त्याच्यासाठी आपण आकडे पाठ करतो. आणि जो समोर पिशवी घेऊन उभा आहे त्याचे आकडे आपल्याला माहीतच नसतात. मामांनी अडतीस वर्षांत किती माग उभे केले, कितीजणांच्या पगाराचं कापड त्यांच्या हातामुळे निघालं, हे मी विचारलं? नाही. मला त्यांचा चष्मा दिसला.

आता परत त्या समुद्राकाठी चला. या सभेत तीन गोष्टी मला आज दिसल्या.

पहिली. तिथं प्रत्येकानं आपलं माप स्वतःच्या तोंडानं सांगितलं. दहावाल्यानं दहा सांगितलं, शंभर सांगून भाव खाल्ला नाही. जांबवंतानं तर आपलं कमी झालेलं बळ सगळ्यांसमोर कबूल केलं. पूर्वीचं सांगितलं, पण पूर्वीच्या जोरावर आजची उडी मागितली नाही. हे फार अवघड आहे. म्हातारपणी माणूस एकतर जुन्या पराक्रमाचं भाडं खातो नाहीतर ‘माझं काय आता’ म्हणून कोपरा धरतो. नेमका आकडा सांगणं, शंभर पण नाही आणि शून्य पण नाही, नव्वद, हे साधन आहे. मामांनी तेच केलं होतं. आणि मी त्यांचं खरं बोलणं त्यांच्याच विरुद्ध वापरलं. खरं सांगणाऱ्याला असं हाकललं की पुढचा येणारा खोटं बोलायला शिकतो, हे पाप माझ्या नावावर.

दुसरी. त्या सभेत कोणी हसलं नाही. दहावर नाही आणि नव्वदवरही नाही. समुद्र शंभरचा होता, हे सगळ्यांना कळत होतं. जांबवंत उडी मारणार नाही हेही ठरलं. म्हणजे काम तोललं गेलं, आणि तोलायलाच पाहिजे. नाहीतर बुडेल कोणीतरी. पण माणूस तोलला गेला नाही. अंगद म्हणाला की मी शंभर जाईन, पण परत येईन की नाही सांगता येत नाही, तेव्हा त्याला थांबवलं कोणी? ह्याच म्हाताऱ्यानं. तू आमचा नायक आहेस, तू जायचं नाहीस, असं त्यानं समजावलं आणि युवराजानं ऐकलं. ‘तू या कामाला पुरणार नाहीस’ आणि ‘तू आता काही कामाचा नाहीस’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. मी पहिलं शेठच्या कानात, आदरानं सांगितलं असतं तर तो माझा धर्म होता. मी दुसरं सांगितलं, आणि पोरांना हसवायला सांगितलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. सगळे आपलं माप सांगत होते तेव्हा एकजण बाजूला गप्प बसून होता. त्यानं काही आकडा सांगितला नाही, कुणी विचारलंही नाही. हनुमंत. तो दिसला कोणाला? ज्याला स्वतःला उडी मारायची नव्हती त्याला. ज्याचं मन ‘मी, माझे नव्वद’ यातून मोकळं झालं होतं त्यालाच दुसऱ्यातले शंभर दिसले. सहासष्टाव्या सर्गात जांबवंत त्याच्याजवळ जातो, त्याच्या जन्माची, बळाची आठवण देतो. मग पुढचं सगळं घडतं.

आणि जांबवंताचं काम तिथं संपत नाही. पुढे युद्धकांडात इंद्रजिताच्या अस्त्रानं रामलक्ष्मणांसह सगळी सेना पडते तेव्हा बिभीषण हातात पेटतं कोलीत घेऊन रणात त्याला शोधत येतो. बाणांनी जांबवंत इतका जखमी झालाय की त्याला डोळ्यांनी दिसत नाही. तो बिभीषणाला फक्त आवाजावरून ओळखतो. आणि विचारतो काय? हनुमान जिवंत आहे का? मग त्याच्याकडून औषधींचा पर्वत आणवतो. दिसत नव्हतं, उठवत नव्हतं, पण कोणाला, कुठे, कशासाठी धाडायचं हे त्या एकट्याला ठाऊक होतं.

आवाजावरून ओळखतो. हे वाचलं आणि मला मामांचं वाक्य आठवलं. ताणा कशानं तुटतोय ते मी आवाजावरून सांगीन.

पुढचं थोडक्यात सांगतो. डिसेंबरात मुश्ताक अली स्पर्धेत रहाणेनं ४६९ धावा केल्या, सगळ्यांत जास्त, आणि मुंबई जिंकली. टपरीवर लोक मला टाळी द्यायला लागले. मला ती टाळी टोचायची. एक दिवस मी मामांचा पत्ता काढला. काल्हेरच्या बाजूला एका गोदामावर वॉचमन होते, रात्रीचे. रात्रपाळी झेपत नाही म्हणणारा माणूस. मी शेठशी बोललो, आणि जानेवारीपासून मामा सकाळी चार तास आमच्याकडे येऊ लागले. पॅनल तो नवा पोरगा बघायचा. मामा मागांच्या रांगेतून डोळे मिटून चालायचे आणि एकाच्या बाजूला थांबून म्हणायचे, “ह्याचं बघ रे.” पोरगा उघडून बघायचा. बहुतेक वेळा तिथंच निघायचं. बहुतेक वेळा, प्रत्येक वेळी नाही. एप्रिलमध्ये डोळ्याचं दुखणं वाढलं आणि मामांनी काम सोडलं. पोरगा अजून त्यांना फोन लावून मागाजवळ मोबाईल धरतो.

इकडे मार्चमध्ये कोलकात्यानं रहाणेला कर्णधार केलं. दुपारी कुणालाच नको असलेला माणूस चार महिन्यांत गतविजेत्या संघाचा कर्णधार! पहिल्याच सामन्यात ३१ चेंडूंत ५६. सामना हरले. पूर्ण हंगामात त्याच्या ३९० धावा झाल्या, त्या संघात सगळ्यांत जास्त. आणि संघ आठवा आला.

टपरीवर परवा एकजण म्हणाला, “बघा मेहताजी, म्हणालो होतो ना, वय झालं.” दुसरा म्हणाला, “अहो, ३९० कोणी केल्या मग?” दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. कारण मला आता कळतंय की ह्या वादाचा निकाल धावफलकावर नाही. तो जिंकला असता तर म्हातारी माणसं कामाची, आणि हरला तर नाही, असा हिशेब भगवंताच्या वहीत नाही. दुपारी अनसोल्ड झालेला माणूस रात्री नाव पुकारलं की पॅड बांधायला तयार असतो, आणि निघताना आपल्यात आहे तेवढं सगळं ओतून जातो, एवढंच त्याच्या हातात. बाकी आठवा की पहिला, ते अकराजणांचं, खेळपट्टीचं, पावसाचं. आज त्याला सदतीस पूर्ण झाली. देव त्याला चांगलं आरोग्य देवो. मामांनाही.

घरातलंच एक सांगतो. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. इतकी वर्षं निर्जला कडक करायची, थेंबसुद्धा नाही. आज सकाळी ती स्वतःच म्हणाली, “मला यंदा पाणी लागेल रे. फळ नको, पण पाणी लागेल.” आणि तुळशीसमोर बसून तिनं देवाला तसं सांगितलं. लाजली नाही, रडली नाही. आईनं आपलं माप सांगितलं. मी तांब्या भरून तिच्याजवळ ठेवला. मला वाटतं, तिची एकादशी माझ्यापेक्षा जास्त पूर्ण झाली.

कारण माझं एक राहिलंय. मामांना मी काम मिळवून दिलं, पण माफी मागितली नाही. मनात म्हणत होतो, काम दिलं त्यातच आलं ते. नाही आलं. अपमान चारजणांसमोर केला होता, आणि भरपाई कोपऱ्यात केली. हा हिशेब जुळत नाही, आणि हिशेब तर माझाच धंदा. ईदनंतर माग सुरू होतील त्या दिवशी मामांना कारखान्यात चहाला बोलावलंय. शेठ असतील, तो पोरगा असेल, हसलेली पोरं असतील. तिथं बोलायचं आहे. अजून पोटात गोळा येतो. म्हणूनच आधी इथं लिहिलं, म्हणजे आता मागे फिरता येणार नाही.

आजचा नेम : ज्यांचं वय झालंय त्यांनी आज घरात कोणाला तरी आपलं खरं माप सांगावं, फुगवून नाही आणि रडूनही नाही. आणि ज्यांच्या हातात काटा आहे, कारखान्यात, ऑफिसात, घरात, त्यांनी गेल्या वर्षभरात कोणाच्या नव्वदवर आपण हसलो ते आठवावं. नाव आठवलं तर फोन करावा. उद्यावर टाकू नये.

प्रार्थना : रामराया, काम तोलायची बुद्धी दे, माणूस तोलायची हौस काढून घे. माझे नव्वद उरतील, सत्तर उरतील, दहा उरतील, तेव्हा ते खरे सांगायची हिंमत दे. आणि कोपऱ्यात गप्प बसलेला एखादा हनुमंत मला दिसू दे.

उद्या द्वादशी. सर्ग ६७, हनुमंताच्या उड्डाणाची तयारी. पण घाई करू नका, आजचे दोन सर्ग पुन्हा एकदा वाचा.

रामकृष्ण हरी.